फोन घरी ठेवून पानशेतला: बाबा, मी आणि दोन सायकली

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी बाबांना स्कूटरवर मागे बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले होते. विश्रांतवाडीहून येरवड्यापर्यंतचा रस्ता. माझा जन्म इथलाच, शाळा इथलीच. तरीही कानात नकाशाची बाई बोलत होती, कारण ट्रॅफिक कुठे आहे ते तिला कळतं. तिनं उजवीकडे वळायला सांगितलं. बाबा मागून म्हणाले, सरळ जा, तिकडे रस्ता खोदलाय. मी उजवीकडे वळले. थोडं पुढे गेल्यावर ड्रेनेजच्या पाइपांचा ढीग लागला, त्यापलीकडे भला मोठा खड्डा, आणि खड्ड्यात उभे असलेले दोन कामगार आमच्याकडे बघत होते. मी काय करावं? स्कूटर थांबवली, फोन बाहेर काढला आणि रस्ता खरंच बंद आहे का ते त्यात बघितलं.

घरी आल्यावर चहा पिता पिता बाबा म्हणाले, "माझं ऐकलं नाहीस, त्याचं काही नाही. पण सुजाता, खड्डा डोळ्यासमोर होता. तरी तू त्यालाच विचारत होतीस."

हे वाक्य मला लागलं. माझ्या डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी सुरू करताना जे लेक्चर दिलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. मी खराडीत एका कंपनीत आहे. परदेशातल्या एका बँकेची यंत्रणा आम्ही चोवीस तास सांभाळतो आणि काही बंद पडलं की पहिला फोन मला येतो. सात वर्षं येतोय. फोन उशाशी, मनगटावर घड्याळ, तेही फोनला जोडलेलं. फोन वाजला नाही तरी मला खिशात थरथर जाणवायची. जेवताना, आंघोळ करताना, एकदा तर फोन समोर टेबलावर असताना. वय बेचाळीस, आणि गोळी कायमची.

म्हणून ठरवलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. फोन नाही, घड्याळ नाही. पानशेत ही बाबांची कल्पना. खडकीच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली आणि तरुणपणी सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर ते सायकलवरून पानशेतला जायचे. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून त्यांची काळी सायकल पार्किंगमध्ये भिंतीला टेकून होती, दोन्ही चाकं बसलेली. माझी रजा मंजूर व्हायच्या आधीच त्यांनी दोन्ही टायर नवे घालून आणले. मी गिअरची सायकल भाड्यानं घेतली, दिवसाला दोनशे रुपये.

रजेच्या अर्जावर साहेबांचा एका ओळीचा प्रश्न आला, संपर्कात असशील ना? मी "नाही" असं लिहिलं. अख्ख्या अर्जाला लागला नव्हता एवढा वेळ मला ती दोन अक्षरं लिहायला लागला. टीममधल्या प्रणालीला सगळं समजावून दिलं. चार वर्षं ती माझ्याबरोबर आहे, पण मोठी अडचण तिनं एकटीनं कधी हाताळली नव्हती. मी हाताळूच दिली नव्हती, हे आता लिहिताना कळतंय. फोन आणि घड्याळ कपाटात टाकून किल्ली माझ्या चौदा वर्षांच्या मुलीकडे, मितूकडे दिली. तिचा चेहरा असा होता की जणू मी तिला एखादी मोठी जबाबदारी दिली आहे, आणि दिलीही होती. नवरा, प्रशांत, दारात उभा राहून म्हणाला, "हरवलात तर?"

बाबा चेन पुसत होते. म्हणाले, "विचारू."

जानेवारीची सकाळ होती, चांगलीच थंडी. उजाडता उजाडता निघालो. सायकलनं जाणार असाल तर हाच वेळ धरा. आठनंतर सिंहगड रोडवर सायकल चालवणं म्हणजे बसच्या धुरातून पोहणं आहे. आळंदी रोडनं खाली, होळकर पुलावरून नदी ओलांडून खडकी, तिथून शिवाजीनगर. पुलावर असताना खिशात थरथरलं. मी ब्रेक मारला, कडेला आले आणि खिशात हात घातला. खिशात रुमाल होता. बाबा पुढे जाऊन थांबले होते. ते नदीकडे बघत राहिले. डेक्कनला पोहोचेपर्यंत हे आणखी दोनदा झालं. दुसऱ्यांदा मी थांबले नाही, नुसती चालवत राहिले, आणि एखादी पैज जिंकल्यासारखं वाटलं.

शिवाजीनगरला एका गाडीवर पोहे आणि चहा घेतला, दोघांचे मिळून साठ रुपये. मग डेक्कनवरून म्हात्रे पूल, दत्तवाडी, सिंहगड रोड. धायरी फाट्यापर्यंत गर्दी आहे, ती सहन करा. नांदेड फाटा सोडला की हवा बदलते. खडकवासल्याला पोहोचलो तेव्हा ऊन कोवळंच होतं. धरण काठोकाठ. चौपाटीवर कणसांचे निखारे नुकतेच पेटत होते. बाबांनी एक कणीस घेतलं, आम्ही कठड्यापाशी बसलो आणि माझे हात उगाचच मांडीवर चाळवत राहिले. इतकं पाणी समोर आहे आणि त्याचा फोटो काढायचा नाही, तर मग त्याचं करायचं काय, असा प्रश्न मला खरंच पडला होता. बघायचं असतं, हे थोड्या वेळानं लक्षात आलं.

तिथे बसून बाबांनी एक गोष्ट सांगितली, जी मी बेचाळीस वर्षांत ऐकली नव्हती. ते अमरावतीकडच्या खेड्यातून पुण्याला आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. हातात कागदावर लिहिलेला खडकीतला एक पत्ता, बाकी ओळख कोणाची नाही. स्टेशनवर उतरून विचारत विचारत चालत निघाले. काही लोक रस्ता सांगायच्या आधी आडनाव विचारायचे. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. आडनाव ऐकलं की एखाद्याचा चेहरा बदलायचा. एकानं तर मुद्दाम उलटी दिशा दाखवली. बाबा तासभर चुकीच्या रस्त्यानं चालले.

"मग?" मी विचारलं.

"मग पुढच्याला विचारलं."

एवढंच. मला वाटलं होतं ते पुढे काही सांगतील, राग, अपमान, काहीतरी. त्यांनी कणीस संपवलं आणि उठले. मी मात्र पुढचे पाच किलोमीटर त्याच वाक्यावर होते. मला कोणाला काही विचारायचंच नसतं. हॉटेलात वेटरला विचारण्याऐवजी मी फोनवर मेनू बघते. फोननं माझं एवढं मात्र केलं होतं: अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघायची वेळच माझ्यावर येऊ दिली नव्हती.

गोऱ्ह्यावरून पाण्याच्या कडेकडेनं रस्ता जातो. डावीकडे सिंहगड, उजवीकडे पाणी. दुपारी खानापूरला पोहोचलो. मुक्काम इथेच करायचा असं बाबांनी सांगितलं होतं. गावाबाहेर एका घरी जेवणाची आणि राहण्याची सोय असते हे त्यांना ठाऊक होतं. घरमालकीण कुसुमताई, पन्नाशीच्या, हातात स्मार्टफोन, कानात त्याची वायर. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बुकिंग आहे का विचारलं. नव्हतं. सगळ्या खोल्या भरल्या होत्या, खराडीच्याच कुठल्यातरी कंपनीतली पोरं आली होती. आम्ही फोन घरी ठेवून आलोय असं मी सांगितलं तेव्हा त्या हसल्या.

"तुम्ही फोन टाकून येता, आन् माझं समदं दुकानच फोनवर हाय," त्या म्हणाल्या. "आता बसा. म्हाताऱ्या माणसाला कुठं पाठवू?"

त्यांनी आपली आतली खोली रिकामी करून दिली. ज्वारीच्या गोण्या, शिलाई मशीन आणि दोन खाटा. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा आणि आंबेमोहोराचा भात, माणशी दीडशे रुपये. खोलीचे पैसे घेतले नाहीत. अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर कंपनीतला एक तरुण लॅपटॉप मांडीवर घेऊन चढला होता, तिथे रेंज येते म्हणून. तो वारंवार म्हणत होता, आवाज येतोय का, आवाज येतोय का. त्याची अडचण मला खालूनच समजत होती आणि ती कशी सोडवायची तेही. वर जाऊन सांगावं असं फार वाटलं. मी भाकरी खाल्ली. दिवेलागणीनंतर खाटेवर पडले ती थेट सकाळी कोंबड्याच्या आवाजानं उठले. इतकी सलग झोप मला कधी लागली होती ते आठवत नाही.

शनिवारी वाट दाखवायचं काम माझं, असं बाबांनी जाहीर केलं. गावातून बाहेर पडताना एक फाटा लागतो. मी डावीकडे वळले. रस्ता छान होता, मोकळा, म्हणून मला तोच बरोबर वाटला. मग चढ लागला. मग आणखी चढ. पाणी कुठेच दिसेना. पहिल्या वळणावर बाबा सायकल ढकलत चालत होते, दुसऱ्या वळणावर ते थांबले आणि गुडघा धरून दगडावर बसले. थकले की त्यांची गावाकडची बोली परत येते. "काई नाई झालं मले," ते म्हणाले, पण ओठ पांढरे पडले होते. आम्ही पाबे घाट चढत होतो. हा रस्ता वेल्ह्याला जातो, पानशेतला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, पुढच्या वळणावर विचारशील."

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. त्यांच्यावर कमी, स्वतःवर जास्त. वाटेत एक गुराखी भेटला होता, डोक्यावर चारा घेतलेल्या दोन बायका भेटल्या होत्या. प्रत्येकाला मी मान डोलावून नमस्कार केला आणि पुढे गेले. खाली येणाऱ्या दुधाच्या टेम्पोला हात केला, त्यानं आम्हाला आणि सायकलींना खानापुरात आणून सोडलं. कुसुमताईंनी गुडघ्याला हळद-तेल लावलं आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला, घरी कळवा म्हणाल्या.

आणि मला प्रशांतचा नंबर येईना.

सोळा वर्षांच्या संसारातला नवरा. मितूचाही नंबर येईना. मला पाठ होता तो ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलचा नंबर, पुढच्या आठ आकडी पासवर्डसकट, कारण तो मी रोज चार वेळा दाबते. अंगणात उभी राहून मी प्रशांतचे पहिले सहा आकडे आठवले आणि पुढचे अंदाजानं लावले. पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसरा कोणा पुणेकर गृहस्थांनी उचलला. मी विचारलं, प्रशांत आहे का? ते म्हणाले, "नंबर चुकलाय. एरवी मी यावर बरंच बोललो असतो, पण तुम्ही घाबरलेल्या वाटताय. शांतपणे आठवा आणि दुसऱ्या कोणालातरी लावा." फोन बंद. का कोण जाणे, त्यानं खरंच बरं वाटलं. मी ओट्यावर बसले, डोळे मिटले. मितूच्या शाळेच्या फॉर्मवर मी तो नंबर दर वर्षी हातानं लिहिते; तो फॉर्म डोळ्यांसमोर आणला. चौकोनी घरं, माझं अक्षर. तिसऱ्या वेळी प्रशांतनं उचलला.

त्याला सगळं सांगितलं. गाडी घेऊन लगेच निघतो म्हणाला. मग म्हणाला, "काल तुझ्या ऑफिसमधून माझ्या नंबरवर दोनदा फोन आला होता. काय म्हणाले ते सांगू?"

समोर बाबा पाय लांब करून बसले होते, कुसुमताई भाजी निवडत होत्या, टाकीवर आज कोणी नव्हतं. फोन माझ्या हातात होता आणि ऑफिसचा तो नंबर मला तोंडपाठ होता.

"नको," मी म्हणाले. "सोमवारी ऐकेन."

प्रशांत दोन तासांत आला. मी गाडीत बसायच्या तयारीत होते, पण बाबांनी हात केला. "मी जातो. तू पानशेत गाठ," ते म्हणाले. प्रशांतला हे पटलं नव्हतं, तसं त्यानं सांगितलंही. एकटी बाई, फोन नाही, रस्ता आधीच एकदा चुकलाय. मी म्हणाले की संध्याकाळपर्यंत कुसुमताईंकडे परत येईन आणि त्यांच्या फोनवरून कळवेन. नंबर आता येतोय, असंही म्हणाले. तो हसला आणि निघाला. काळी सायकल पुढच्या आठवड्यात न्यायची म्हणून आम्ही गोठ्यात ठेवली.

खानापूर ते पानशेत साधारण पंधरा किलोमीटर. चढउतार आहेत, पण अवघड असा एकही नाही. पाणी बरोबर ठेवा, मधे दुकानं विरळ आहेत. पंक्चरचं सामान हवंच. मी पहिल्याच माणसाला रस्ता विचारला, मग दुसऱ्याला, मग चुकायची भीती नसतानाही विचारत राहिले. एका आजीनं सांगितलं, "ह्यो चढ सपला की उतार, उतार सपला की धरान. चुकायला दुसरा रस्ताच न्हाई." पायडलच्या तालावर मी प्रशांतचा नंबर पाठ केला, मग मितूचा, मग बाबांचा. दोघांचे नंबर कागदावर लिहून प्रशांतनं निघताना माझ्या खिशात कोंबले होते. दहा आकडे, दोन पायडलांना एक. बाबांचा नंबर पाठ व्हायला पूर्ण एक चढ लागला.

दुपार कलताना झाडांमधून धरणाची भिंत दिसली. मी उतरले नाही, शेवटचा चढ सायकलवर बसूनच चढले, आणि वर पोहोचल्यावर एकटीच मोठ्यानं हसले. मागे सगळ्या डोंगरांचं पाणी, निळं, जराही न हलणारं. एक पाणकावळा पंख पसरून दगडावर उभा होता. तो उडेपर्यंत मी बसले. किती वेळ ते माहीत नाही, घड्याळ नव्हतं. खिसा थरथरला नाही. सकाळपासून थरथरला नाही, हे मला तिथे बसल्यावर लक्षात आलं, आणि डोळे भरून आले. काही हरवल्यासारखं नव्हतं ते. काहीतरी परत हातात आल्यासारखं होतं.

सूर्य टेकायच्या आत मी खानापुरात होते. कंपनीतली पोरं गेली होती, म्हणून कुसुमताईंनी आता रीतसर खोली दिली आणि रीतसर पैसेही घेतले. मी प्रशांतला फोन लावला, एका दमात, न चुकता.

रविवारी सकाळी सगळं पुणं सिंहगडाकडे येत होतं आणि मी उलटी जात होते. दांडेकर पुलाशी रस्ता बंद, कसली तरी शर्यत होती, पोलिसांनी पेठांच्या दिशेनं पिटाळलं. नव्या पेठेत फाटकाशी पेपर वाचत उभ्या असलेल्या एका काकांना विचारलं, डेक्कनला कसं जाऊ? ते सायकलकडे बघून म्हणाले, "सायकलनंच ना? मग सरळ." मी निघाले तर मागून आवाज आला, "पुढे एकेरी आहे. पण ते तुम्ही विचारलं नव्हतं." मी परत वळले आणि म्हणाले, काका, आता ते विचारते. त्यांनी पेपर घडी करून मला चक्क लकडी पुलापर्यंतची प्रत्येक गल्ली सांगितली, कुठे खड्डा आहे त्यासकट. बारा वाजायच्या आत विश्रांतवाडीत होते. बाबा गुडघ्याला पट्टी बांधून गॅलरीत बसले होते आणि सोसायटीतल्या निम्म्या लोकांना पानशेतची माहिती देत होते. त्यात आम्ही दोघंही पानशेतला पोहोचलो होतो. मी दुरुस्त केलं नाही.

कपाट सोमवारी सकाळी उघडलं. शुक्रवारी दुपारी यंत्रणा बंद पडली होती. प्रणालीनं आधी प्रशांतला दोन फोन केले, मग मी मिळणार नाही हे कळल्यावर इतर तिघांना घेऊन बसली आणि पाऊण तासात सगळं सुरू केलं. ऑफिसात गेले तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि चेहऱ्यावर अशी चमक होती जी मी चार वर्षांत बघितली नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं कदाचित. मला तिला मिठी मारावीशी वाटली, आणि मारली.

त्याच दिवशी साहेबांना भेटले. त्यांचं म्हणणं होतं की निदान अडीअडचणीला एखादा नंबर ठेवायचा. मी म्हणाले, "माझ्यावाचून काम अडलं नाही, ही आपल्या टीमसाठी चांगली बातमी आहे. आता पाचजणांत वाटून घेऊ." दोन बैठका लागल्या, थोडी कुरकुर झाली, पण झालं. आता रात्रीचा फोन मला पाच आठवड्यांतून एक आठवडा येतो. घड्याळ पुन्हा घातलं नाही. नकाशा मी अजून वापरते, अनोळखी गावात. ओळखीच्या रस्त्यावर नाही. डॉक्टरांनी मार्चमध्ये गोळी अर्धी केली. बाबा रोज सकाळी सायकलवर धानोरीपर्यंत जाऊन येतात, गुडघा सांभाळून.

तुम्ही जाणार असाल तर एकच सांगते. निदान तीन नंबर पाठ करून जा, बाकी वाटेत मिळतं. बुकिंग मात्र आधी करा, कुसुमताईंना दुसरी आतली खोली नाही.

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी मी सहाला घरी होते. ड्यूटी प्रणालीची होती. मितू अभ्यासाच्या टेबलावरून म्हणाली, "मग आई, शनिवार-रविवार तुझा काय प्लॅन?"

"अजून काहीच ठरलेलं नाही," मी म्हणाले. ते ऐकायला इतकं छान वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन बाबांनाही तेच सांगितलं.